हजेरीचं मेडल

प्रिय मित्रा,

टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे नोकरी सांभाळून करायच्या अर्धवेळ फौजेत (टीए), अधिकारी म्हणून निवड झाल्याचं कळवलंस, फार बरं वाटलं. जाता जाता विचारलंयस, "टीएचं मेडल म्हणजे नुसतं हजेरीचंच ना?" ऑफिसात कुणीतरी टोमणा मारलेला दिसतोय.

हो, हजेरीचंच. जवान, एनसीओ (नाइक, हवालदार वगैरे) आणि जेसीओंना (सुभेदार वगैरे) 12 वर्षांच्या सेवेवर टेरिटोरियल आर्मी मेडल मिळतं. तुम्हा अधिकाऱ्यांसाठी वेगळं पदक आहे, टेरिटोरियल आर्मी डेकोरेशन, त्याला 20 वर्षं लागतात. शौर्यपदकाचा आव त्याच्याबद्दल कुणी आणू नये. पण ही हजेरी काय भावात पडते ते बघ. नियमित फौजीला आज कुठे हजर व्हायचं हा प्रश्नच नसतो. तुला वर्षाकाठी दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी साहेबांसमोर अर्ज घेऊन उभं राहायचंय. तेही बहुधा ऐन मार्चअखेरीस. तुझं काम ज्याच्या गळ्यात पडणार, तो शेजारी फाईलमधून मान वर काढणार नाही. पहिल्या वर्षी गणवेशाचं कौतुक असतं, पाचव्या वर्षी घरचेही विचारतात, "यंदाही जाणारच का?"

मेडल मोजतं ते या प्रश्नाला दर वर्षी दिलेलं उत्तर.

मला एक गोष्ट खटकते. ब्रिटनने 1999 मध्ये अधिकारी आणि इतर हुद्द्यांची जुनी पदकं मोडीत काढून राखीव दलांसाठी सगळ्यांना एकच पदक आणलं, 10 वर्षांच्या सेवेवर. आपल्याकडे ती भिंत अजून आहे. शिबिरातला चिखल सगळ्यांना सारखाच लागतो, मग पदकं वेगळी कशाला? असो.

कामाचं सांगतो. 1948 च्या टेरिटोरियल आर्मी कायद्याचं कलम 7A वाचून ठेव. सेवेसाठी बोलावणं आलं तर परतल्यावर नोकरीत पुन्हा घेण्याची तरतूद त्यात आहे. साहेबांना मात्र ते कलम पहिल्याच दिवशी दाखवू नकोस. तारखा लवकर सांगितल्या की निम्मं काम होतं.

आणि स्वतःच्या डेकोरेशनआधी कंपनीतल्या जवानांचे कागद बघ. एखाद्या नाइकाचं एका वर्षाचं प्रशिक्षण पार्ट टू ऑर्डरमध्ये (सेवेच्या अधिकृत नोंदींत) चढायचं राहिलं, तर ते मेडलच्या वेळीच उघडकीला येतं आणि तोवर जुने कारकून बदललेले असतात. शिबिर सुटण्याआधी यादी स्वतः ताडून घे, मगच ट्रकमध्ये बस.

तुझा,
काका