खोल समुद्राच्या शास्त्रज्ञांशी थेट बोलून शाळकरी मुलं खरंच काही शिकतात का?

संशोधन जहाजावरचे शास्त्रज्ञ थेट प्रक्षेपणातून वर्गाशी बोलतात, त्यातून मुलांच्या हाती काही लागतं की तो तासभराचा सोहळाच ठरतो, असा तुमचा प्रश्न आहे. मी विज्ञान शिकवते आणि माझ्या वर्गांसाठी अशी सत्रं घेतली आहेत. मुलं शिकतात, खूप शिकतात. फक्त त्यांना रिकाम्या हाताने बसवू नका.

आदल्या दिवशी दाबाचा हिशोब करून घ्या. दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे २,५०० मीटरवर तो पृष्ठभागाच्या सुमारे २५० पट. हा आकडा स्वतः काढला की पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: मग मासे चेपत का नाहीत? उत्तर लगेच देऊ नका. थर्माकोलचा पेला खोल पाण्यात सोडला की आकसून इवलासा होतो, कारण त्यात हवा भरलेली असते. पाणी मात्र जेमतेमच दबतं, आणि प्राण्यांचं शरीर मुख्यतः पाण्याचंच. इथवर मुलं आपणहून पोचतात. मात्र एवढ्या दाबाखाली प्रथिनांचं कामही बिघडू शकतं, आणि त्यावरचा उपाय म्हणून माशांच्या पेशींत एक खास रेणू साठवलेला असतो, हे सांगायला शास्त्रज्ञच हवा. २०२२ मध्ये जपानजवळच्या गर्तेत ८,३३६ मीटरवर पोहणारा मासा चित्रित झाला, हे ऐकलं की मुलं हटकून विचारतात, त्याखाली कोण राहतं?

प्रक्षेपण सुरू असताना मुलांच्या हातात पट्टी द्या. आरओव्हीच्या, म्हणजे जहाजाला केबलने जोडलेल्या मानवरहित यंत्राच्या, कॅमेऱ्यात बहुधा लेझरचे दोन ठिपके दिसतात. त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं, अनेकदा १० सेंटिमीटर. त्यावरून पडद्यावरच्या समुद्रकाकडीची, म्हणजे तळावर राहणाऱ्या काकडीच्या आकाराच्या प्राण्याची, लांबी काढता येते. मग शास्त्रज्ञाचा अंदाज आणि आपलं माप जुळतंय का, हे बघताना वर्ग ज्या उत्साहाने बोलतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

आणि मुलांना कॉलीन कॅव्हनॉची गोष्ट जरूर सांगा. १९७७ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांजवळ समुद्रतळावरचे गरम झरे सापडले, तेव्हा त्या मोहिमेवर भूशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ नव्हते, कारण तिथे एवढी जीवसृष्टी असेल अशी अपेक्षाच नव्हती. तिथल्या लांबलचक नळीकृमींना ना तोंड, ना आतडं. ते जगतात कशावर? कृमींच्या शरीरात गंधकाचे स्फटिक सापडल्याचं एका व्याख्यानात ऐकून कॅव्हनॉ उभी राहिली आणि म्हणाली, यांच्या आत गंधकावर ऊर्जा मिळवणारे जिवाणू असणार. तेव्हा ती हार्वर्डची विद्यार्थिनी होती. १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध आला आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. या विषयात तज्ज्ञांनाही न सुटलेलं इतकं काही आहे, की विद्यार्थ्याच्या प्रश्नालाही खरं वजन असतं. म्हणूनच मी या सत्रांसाठी आग्रह धरते.

ओशन एक्सप्लोरेशन ट्रस्टचं नॉटिलस जहाज आणि श्मिट ओशन इन्स्टिट्यूट यांची बुडीची प्रक्षेपणं कुणालाही बघता येतात. यंत्राला तळ गाठायला तास-दोन तास लागू शकतात आणि तोवर पडद्यावर निळा-काळा अंधारच असतो, तेव्हा वर्गाची वेळ तळ गाठल्यानंतरची ठरवा.