टेस्टोस्टेरॉन: एका रिपोर्टवर इंजेक्शन नको

वय ६१. सतत गळून गेल्यासारखं वाटतं, आंब्याच्या बागेत चढउतार केली की दम लागतो. संध्याकाळी चार वाजता रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन २७० आलं. इंजेक्शन सुरू करू का? (देवगड)

नको. हे पुरुषी संप्रेरक सकाळी चढतं आणि दुपारनंतर उतरतं. जेवल्यावरही कमी दिसतं. सकाळी ७ ते १० च्या दरम्यान उपाशीपोटी नमुना द्या. कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा द्या. दोन्हीदा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं आणि लक्षणंही जुळली, तरच निदानाकडे जाता येतं. नुसता थकवा पुरेसा नाही. लैंगिक इच्छा कमी होणं आणि पहाटेची ताठरता थांबणं या खुणा जास्त बोलक्या. त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. संकोच असेल तर डॉक्टरांपुढे तरी तो सोडा.

मला मात्र तुमच्या दमाचीच जास्त काळजी वाटते. आधी ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड बघून घ्या. याच आठवड्यात.

आमचे हे ट्रॉलरवर तांडेल आहेत. रात्रभर समुद्रात, दिवसा झोप. सकाळचा नमुना कसा द्यायचा? (मालवण)

फार नेमकं विचारलंत, ताई. हा चढउतार झोपेशी बांधलेला आहे. त्यामुळे त्यांची मुख्य झोप पूर्ण झाली की उठल्यावर दोन-तीन तासांत नमुना द्यावा. पावसाळी बंदीत ते रात्री घरी झोपतात, तेव्हा तपासलं तर उत्तमच. आणखी एक तुम्हीच सांगू शकाल: ते मोठ्याने घोरतात का, झोपेत मधेच श्वास अडकतो का? तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. झोपेतला हा आजार आणि पोटाचा घेर, दोन्हींमुळे टेस्टोस्टेरॉन घटतं.

लावणीनंतर लेप्टो झाला. दवाखान्यात असतानाच तपासलं, खूप कमी निघालं. (कुडाळ)

मोठ्या आजारात ते खाली जातंच. पूर्ण बरे व्हा, दोन-तीन महिन्यांनी तपासा.

दोन्ही रिपोर्ट कमी आले. आता डॉक्टरांनी एलएच आणि प्रोलॅक्टिन लिहून दिलंय. कशाला? वय ४८, दुसरं लग्न नुकतंच झालंय. (चिपळूण)

बिघाड कुठे आहे ते शोधायला. एलएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा वृषणांना हुकूम. तो वाढलेला असेल तर दोष वृषणात. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेलं नसेल, तर दोष वरच्या बाजूला. सोबत प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक, बरंच वाढलेलं असेल, डोकं दुखत असेल किंवा बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर पिट्युटरीचा एमआरआय टाळू नका. या तपासण्यांचा खर्च वाया जाणारा नाही.

मूल हवं असेल तर ते औषध सुरू होण्याआधी सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्रजंतू घटतात, कधी पार थांबतात.