जुन्या मिनी मोटारीचा तापमापक सतत ‘गरम’ का दाखवतो?

इंजिन थंड असतानाही काटा वर जातो आणि पेट्रोलचा काटाही टाकीत असेल त्यापेक्षा जास्त दाखवतो, असे आपण लिहिले आहे. यातील दुसरे लक्षण अधिक बोलके आहे. 1970 च्या दशकातील मिनीमध्ये हे दोन्ही मापक एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात. बॅटरीचा प्रवाह ठरावीक अंतराने तोडून-जोडून हा छोटा डबा मापकांना सरासरी 10 व्होल्ट पुरवतो, परंतु त्याच्या पत्र्याच्या आवरणाचे अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेला विद्युत संपर्क) गंजामुळे तुटले, की पूर्ण 12 व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब पुढे जातो आणि दोन्ही काटे एकदमच चढतात. म्हणून प्रथम तेथील स्क्रू सोडवून धातू स्वच्छ घासावा. स्टॅबिलायझरमधून येणारे व्होल्ट डिजिटल मल्टिमीटरने मोजताना आकडे उड्या मारताना दिसले तर घाबरू नये, कारण जुन्या पद्धतीच्या स्टॅबिलायझरचे कामच तसे चालते.

केवळ तापमापकच चुकत असता तर संशय सिलिंडर हेडमधील (इंजिनाच्या वरच्या भागातील) सेन्डरवर, म्हणजे तापमान मापकाला कळवणाऱ्या भागावर, घेतला असता. त्याची तार काढून इग्निशन चालू केल्यावर काटा थंडावर राहिला पाहिजे. तसे न झाल्यास तार कोठेतरी बॉडीला टेकत असावी. ती तार मुद्दाम बॉडीला लावून पाहायची असल्यास काटा हलताच काढावी, अन्यथा मापक जळू शकतो. मात्र हे सर्व करण्यापूर्वी, इंजिन थंड असतानाच, रेडिएटरमधील पाणी पाहून घ्यावे.