चाळिशीनंतर चेहरा झोंबू लागला, तर

प्रश्न : माझे वय ४३ आहे. त्वचेची तक्रार मला आजवर कधीच नव्हती. कॉलेजात होते तेव्हापासून मी एकच साबण वापरते. गेल्या दिवाळीत मात्र अभ्यंगस्नानाला उटणे लावले आणि चेहऱ्याची आग झाली. तेव्हापासून फेसवॉश आणि सनस्क्रीनच नव्हे, तर घामसुद्धा झोंबतो. पुरळ काहीच दिसत नसल्याने घरचे याला मनाचे खेळ म्हणतात. त्याआधी वर्षभर मी मैत्रिणीने सुचवलेले वांगावरचे मलम अधूनमधून लावत होते. ते लावले की बरे वाटते, बंद केले की पुन्हा आग होते. या वयात त्वचा अचानक नाजूक होऊ शकते का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : होऊ शकते, आणि हे मनाचे खेळ मुळीच नव्हेत. एरवी ज्या गोष्टींचा त्रास होऊ नये, त्यांनी चुणचुण, चरचर किंवा आग होणे हेच संवेदनशील त्वचेचे लक्षण आहे. लाली किंवा पुरळ दिसलेच पाहिजे असे नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदाहूनही पातळ असतो. त्यातील मृत पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले चुन्यासारखी भरलेली असतात. हा चुना वयाबरोबर, विशेषतः रजोनिवृत्ती जवळ येऊ लागली की, कमी होतो. मग आतले पाणी उडून जाते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके सहज चाळवली जातात.

तुमचा साबण बदललेला नाही, हे खरे. पण ज्या त्वचेवर तो लागतो ती बदलली आहे. निरोगी त्वचेचा सामू (पीएच, जो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५ असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. विशीतली त्वचा ही तफावत तासा-दोन तासांत भरून काढते, चाळिशीनंतरच्या कोरड्या त्वचेला ते तितके जमत नाही. त्यात दिवाळीची कोरडी हवा, कढत पाणी आणि खरखरीत उटण्याचे घासणे. म्हणजे उटणे हे निमित्त झाले, कुरबूर बहुधा आधीच सुरू झालेली होती.

मला खरी काळजी वाटते ती त्या मलमाची. वांगासाठी सर्रास खपणाऱ्या अनेक मलमांत डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन आणि त्वचेच्या पेशी लवकर बदलणारे ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे पहिले काही आठवडे चेहरा उजळ, नितळ दिसतो, म्हणूनच ते मलम एका मैत्रिणीकडून दुसरीकडे पोहोचते. मात्र महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच आग उसळते. ‘लावले की बरे, बंद केले की त्रास’ हे तुमचे वाक्य मी चिकित्सालयात जवळजवळ रोज ऐकतो. स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले, तरी ती काउंटरवर मिळतातच. ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत मोमेटासोन, बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले आहे का, ते पाहा. असल्यास मलम चालूही ठेवू नका आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नका. तीच ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सुटकेला कधी आठवडे, कधी महिने लागतात, आणि मधल्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

बाकी उपाय आहे तो काढून टाकण्याचा, नवे काही आणण्याचा नव्हे. महिनाभर चेहऱ्याला फक्त तीन गोष्टी लावा : रात्री एकदाच सौम्य, साबणविरहित क्लेन्झर, तोंड धुतल्यावर त्वचा ओलसर असतानाच सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि दिवसा झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन. सकाळी नुसते कोमट पाणी पुरते. बेसनात लिंबू पिळून लावण्याचा सल्ला प्रेमाने दिला जाईल. लिंबाचा सामू २ च्या आसपास असतो, एवढे सांगून तो नम्रपणे नाकारा. नवी वस्तू घ्यायची झाल्यास आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा.

पापण्या सुजत असतील, किंवा केस रंगवल्यावर एक-दोन दिवसांनी कान आणि मान खाजत असेल, तर मात्र ही ॲलर्जी असू शकते. तिच्यासाठी पॅच टेस्ट करतात, म्हणजे संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात. त्या ४८ तास ठेवतात आणि काढल्यावर पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. गालांवर सतत लाली व उष्णता जाणवत असल्यास रोझेशिआ हा चेहरा लाल करणारा त्वचाविकारही तपासून घ्यावा. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर ती लाली चटकन दिसत नसल्याने तो अनेकदा नजरेतून सुटतो.

प्रश्न : वीस वर्षे टिकली लावते. आता त्या जागी खाज येते आणि फिकट डाग दिसतो. इतक्या वर्षांनी टिकली बाधेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : बाधू शकते. ॲलर्जी बहुधा वारंवारच्या संपर्कातूनच तयार होते, त्यामुळे ‘वीस वर्षे चालले’ हा पुरावा धरता येत नाही. काही टिकल्यांच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन त्वचेतील रंगपेशींनाच इजा करते आणि डाग पांढरा पडतो. चिकट टिकली आजपासून बंद करा. ती थोडी वर किंवा खाली सरकवून लावण्यात अर्थ नाही, तिथेही डागच पडेल. खाज थांबली तरी डाग डॉक्टरांना लवकर दाखवा, कारण रंग परत येण्याची शक्यता सुरुवातीच्या काळातच अधिक असते.