बाबांची सिगारेट नाशिकलाच सुटायला हवी

टोरांटोहून एका ताईंचं पत्र आलंय. वडील ६७ वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, नाशिकला असतात. चाळीस वर्षं दिवसाला दहा-बारा सिगारेटी. मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी नातवाकडे येतायत. ताई लिहितात, "इथे पाकीट महाग, घरात ओढायची सोय नाही, टपरी नाही, मित्र नाहीत. यावेळी त्यांची सोडवूनच पाठवते. भांडण न होता हे कसं जमवू, तेवढं सांगा."

ताई, तुमची तळमळ पोचली. पण बेत बदला, असंच मी सांगेन. असाच बेत मी स्वतः केला होता.

माझे अण्णा सांगलीचे. २०११ च्या डिसेंबरात ते आमच्याकडे इंग्लंडमध्ये रेडिंगला आले, तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती. पहिल्या आठवड्यात मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. सकाळचे सात, बाहेर अजून अंधार. अण्णा मागच्या अंगणात कुंपणाला टेकून उभे. कानटोपी, माझ्या नवऱ्याचं जाड जाकीट, पायात मोजे आणि त्यावर चप्पल. सिगारेट मुठीत धरून चिलमीसारखा झुरका घेत होते, धूर घराकडे येऊ नये म्हणून तोंड पलीकडे वळवून. मी दार उघडलं आणि म्हटलं, "अण्णा, घरात बाळ आहे." एवढंच. त्यांनी ती तिथेच विझवली आणि पुढे चार महिने एकदाही ओढली नाही. मी जगाला सांगत सुटले की अण्णांची सिगारेट सुटली.

परत गेले त्या दिवशी मुंबईला त्यांना घ्यायला माझा चुलतभाऊ गेला होता. एक्स्प्रेसवेवर चहाला गाडी थांबली, तिथेच अण्णांनी पहिली पेटवली. मला फोनवर हे कळलं तेव्हा रडू आलं. रागही आला. चार महिने त्यांच्या हाताला लागत नव्हती, एवढंच झालं होतं, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

सिगारेट जागेला आणि वेळेला चिकटलेली असते. सकाळचा चहा, मग संडास, मग फिरून येताना कट्टा, जेवणानंतर गॅलरी. निकोटिन मेंदूला मिळतंच, पण ते मिळण्याआधीची सगळी खूण मेंदू पाठ करून ठेवतो: कपाचा वास, टपरीवाल्याचा चेहरा, मित्राने पुढे केलेली काडेपेटी. टोरांटोत यातलं काहीच नाही, त्यामुळे तिथे न ओढणं तुलनेनं सोपं जातं. पण नाशिकच्या कट्ट्यावर नुसता चहा पिऊन उठून येणं बाबा तिथे शिकत नाहीत. ते नाशिकलाच शिकावं लागतं. आत्ता मार्च आहे आणि पाडवा जवळ आलाय. दिवस त्यांनी ठरवावा, पण पाडव्याच्या आसपास सोडली तर विमानात बसेपर्यंत पाच-सहा आठवडे हाताशी येतात, आणि सगळ्यात अवघड काळ त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत निघून जातो.

आता फोनवर काय बोलायचं. "किती ओढता?" विचारू नका, खरं उत्तर मिळणार नाही. शिवाय आपल्याकडे बरेच जण एकेक सुटी घेतात (महाराष्ट्रात २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, तरी टपरीवर मिळते), त्यामुळे त्यांनाही मोजदाद नसते. "पहिली कधी ओढता?" असं विचारा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, तर शरीराला निकोटिनची सवय घट्ट आहे आणि नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला सांगणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. मग औषधाची मदत हवी.

आणि त्या पहिल्या सिगारेटचं कारण विचारा. शंभरातले कितीतरी बाबा हे मुलीला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते: "तिच्याशिवाय पोट साफ होत नाही." हसण्यावारी नेऊ नका. निकोटिनमुळे आतड्यांना खरोखरच चालना मिळते, आणि सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं. अण्णांनी मधल्या काळात दोनदा गुपचूप सोडायचा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी याच एका कारणापायी परत सुरू केली, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, सकाळी उठल्याउठल्या दोन पेले गरम पाणी, पपई, भाकरी आणि थोडं चालणं, ही तयारी सोडायच्या आधीच्या आठवड्यापासून करून ठेवायची. या साध्या गोष्टीवर कितीतरी निश्चय मोडतात.

चहाचंही तसंच. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर निचरा करत असतं. धूर थांबला की तोच चार कप चहा जास्त चढतो, छातीत धडधडतं, झोप उडते, आणि माणूस म्हणतो, "बघ, सिगारेट सोडली म्हणून असं होतंय." पहिले काही आठवडे चहा निम्म्यावर आणा. हाच नियम काही औषधांनाही लागू आहे. बाबांना दम्यासाठी डेरिफायलिनसारखी थिओफिलिनची गोळी चालू असेल किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन असेल, तर सोडायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगणं आवश्यक आहे, डोस बदलावा लागू शकतो.

निकोटिनची गम भारतात औषधाच्या दुकानात मिळते, २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवायही. उठल्याउठल्या लागणाऱ्यांना बहुधा ४ ची लागते, ती डॉक्टरांना विचारून. पण बहुतेक जण ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावतात, मग घशात जळजळ होते, उचकी लागते आणि पाकीट कपाटात पडून राहतं. बाबांना नीट समजावा: दोन-चारदा हळू चावायची, तिखटसर झिणझिण्या आल्या की तंबाखूची गोळी दाबतात तशी गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर.

वेप मात्र पाठवू नका. २०१९ पासून भारतात ई-सिगारेटवर कायद्याने बंदी आहे, सामानात सापडली तर बाबाच अडचणीत येतील.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं जड, सारखं काहीतरी खावंसं वाटतं. तल्लफ येते ती मात्र काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा असतो. खोकला उलट वाढूही शकतो, कारण छाती स्वतःची सफाई सुरू करते. हे आधीच सांगून ठेवलं की घाबरायला होत नाही. तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं.

व्हिडिओ पाठवणं आजपासून बंद करा. काळ्या फुफ्फुसांचे, कुजलेल्या तोंडाचे. भारतात पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून त्याच चित्रांनी भरलेला आहे, तुमच्या कॅनडात तर २०२३ पासून एकेका सिगारेटवर इशारा छापायचा नियम आला. बाबांनी हे सगळं पाहिलंय. त्यांना धोका कळत नाही असं नाही. त्यांना वाटतं की आता उशीर झाला. तिथे बोला. ब्रिटनमध्ये १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या सवयींचा पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली निष्कर्ष मांडले: साठीच्या सुमारास सोडली तरी सरासरी ३ वर्षं आयुष्य हाती लागतं. नातू तीन वर्षांनी किती मोठा असेल, ते बाबांना सांगा.

त्याच पाकिटावर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो. मराठीत बोलता येतं, पुढचे फोन तेच लोक करतात. हा भारतातून लावायचा, म्हणूनही मेच्या आधी. पुष्कळ पुरुषांना मुलीपेक्षा अनोळखी माणसाशी खरं बोलणं सोपं जातं. वाईट वाटून घेऊ नका.

आईबद्दल दोन गोष्टी. तुम्ही लिहिलंय की आई गुपचूप फोन करून आकडा सांगते. ते थांबवा. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला हेर करू नका, बाबांना कळलं की ते दोघांपासूनही लपवतील. आणि प्रामाणिकपणे विचारा, आई मशेरी लावते का? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, आणि मशेरी, खैनी, गुटखा असा धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मशेरीची डबी मोरीच्या फळीवर असते, तिला कोणी व्यसन म्हणत नाही. असेल तर दोघांनी मिळून सोडावी, बाबांना एकट्याला आरोपी करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि टोरांटोत आल्यावर? तुम्ही दोघं कामावर, नातू शाळेत, आणि दुपारी घरात शांतता. ती वेळ जपा. कट्ट्यावर बाबांना सिगारेट मिळायची तशी माणसंही मिळायची, आणि माणसं सोडायला आपण त्यांना सांगितलेलं नाही. मेमध्ये तुमच्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेपाच. कट्टा भरायची हीच वेळ. बाबांना चहाचा कप आणि फोन द्या, आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा.

अण्णांनी २०१४ साली सोडली, सांगलीत. दिवस त्यांनीच ठरवला, मला नंतर कळवला. आयर्विन पुलापर्यंत फिरायला जाणाऱ्या चौघांनी त्यांच्यासमोर न पेटवायचं कबूल केलं, त्यातले एक काका खिशात फुटाणे घेऊन यायचे. मी रोज फोन करायचे, पण सिगारेटचं नाव काढायचं नाही असं स्वतःला बजावून. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं, "आज एक ओढली गं."

मला खूप काही बोलायचं होतं. मी विचारलं, "मग दुसरी?"

"नाही."

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग म्हणाले, "बाळ काय करतंय? दाखव की."