जपानी ऐतिहासिक रोमान्स मोबाइल गेम्स पैसे न भरता पूर्ण होतात का, आणि त्यातला इतिहास कितपत खरा असतो?

पैशांचं आधी सांगते, ते लवकर संपतं. होतात, पूर्ण होतात. फक्त घाई करायची नाही.

उदाहरण म्हणून ‘इकेमेन सेन्गोकू’च घेते. सोळाव्या शतकातल्या जपानी सरदारांपैकी एक नायक निवडायचा आणि त्याच्याबरोबरची प्रेमकथा भागाभागाने वाचायची, असा हा प्रकार. सायबर्ड कंपनीची ही गेम जपानीत 2015 मध्ये आली, इंग्रजीत 2017 मध्ये, आणि बहुतेक जण याच दारातून आत येतात. दिवसाला कथेची पाच तिकिटं फुकट मिळतात, एका तिकिटाला कथेचा एक भाग. मधूनमधून कथा अडते. कधी ‘ग्रेस’चे, म्हणजे नायिकेच्या रुबाबाचे, ठरावीक गुण लागतात, कधी नायिकेसाठी एखादा पोशाख किंवा वस्तू घ्यावी लागते. वस्तूचे दोन प्रकार असतात: साधी, गेममधल्या नाण्यांत येणारी, आणि महागडी, हिऱ्यांत म्हणजे शेवटी खऱ्या पैशांत येणारी. महागडी घेतली की एखादा जास्तीचा प्रसंग वाचायला मिळतो, पण साधीनेही कथा पुढे सरकते. नवीन लोक इथेच फसतात. हातातली नाणी गाचा, म्हणजे नशिबावरची बक्षीस-सोडत, फिरवण्यात आणि मिरवायच्या कपड्यांत घालवतात आणि अडसर आला की खिसा रिकामा. पहिला महिनाभर नाणी साठवा, ग्रेसचे गुण देणारा ‘प्रिन्सेस लेसन’ एकही दिवस चुकवू नका, गाचाला हात लावू नका. इव्हेंट, म्हणजे ठरावीक दिवसांचा खास खेळ, चालू असेल तर त्यातल्या फुकटच्या बक्षिसांपुरतंच खेळा. रँकिंगच्या मागे लागलात की पैसे जाणार हे धरून चाला. जपानी आवृत्ती खेळत असाल तर जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. तिथे रात्री दहाला बंद होणारा इव्हेंट आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला बंद होतो. जेवणं उरकून शांतपणे बसू म्हणाल तर गेला.

थांबणं जमतच नसेल तर मोबाइलचा नाद सोडा आणि ‘हाकुओकी’ एकदाच पैसे भरून घ्या. शिन्सेनगुमीची, म्हणजे शोगुनच्या (जपानच्या लष्करी शासकाच्या) बाजूने लढलेल्या तलवारबाजांच्या पथकाची कथा, मूळ 2008 ची. पीसीवर ‘क्योटो विंड्स’ (2017) आणि ‘एडो ब्लॉसम्स’ (2018) अशा दोन भागांत इंग्रजीत आहे. तिथे तिकीट नाही, अडसर नाही. पण 1868 आणि 1869 साली त्या माणसांचं काय झालं हे ठाऊक असेल तर रडायची तयारी ठेवा.

आता इतिहासाचं. खरं सांगायचं तर मी उत्तर लिहायला बसले ते यासाठीच.

माझा एक मावसभाऊ इतिहासाचा आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचं म्हणणं, “या गेम्समध्ये नावं तेवढी खरी, बाकी सगळा लाडिकपणा.” आणि पुरावा म्हणून त्याने काय निवडावं? नोबुनागाच्या साखरेच्या गोळ्या. गेममध्ये ओदा नोबुनागाला, म्हणजे सोळाव्या शतकात जपानचा बराच भाग जिंकणाऱ्या सरदाराला, कोन्पेइतोचं वेड आहे. कोन्पेइतो म्हणजे साखरेच्या बारीक, काटेरी, रंगीत गोळ्या. तो त्या इतक्या खातो की त्याचा सरदार हिदेयोशी त्या त्याच्यापासून लपवून ठेवतो. मावसभाऊ म्हणाला, “देवळं जाळणारा माणूस गोळ्या चघळतोय! हे मुलींना गोड वाटावं म्हणून मागाहून चिकटवलंय.”

नाही चिकटवलेलं. त्या गेममध्ये जेवढं म्हणून खरं आहे, त्यातली ही सगळ्यात पक्की गोष्ट.

1569 सालच्या वसंतात लुईस फ्रॉइस हा जेझुइट पाद्री क्योटोत नोबुनागाला भेटला. शोगुन आशिकागा योशिआकीसाठी निजोचा वाडा बांधायचं काम तेव्हा चालू होतं आणि नोबुनागा स्वतः त्यावर उभा होता. फ्रॉइसने त्याला मेणबत्त्या दिल्या आणि काचेच्या बाटलीत भरून कोन्पेइतो. शब्दच मुळी पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आलेला. आणि हा फ्रॉइस आला कुठून? लिस्बनचा माणूस, 1548 मध्ये गोव्यात आला, सेंट पॉल कॉलेजात शिकला, 1561 मध्ये गोव्यातच त्याला पाद्रीपणाची दीक्षा मिळाली आणि 1563 मध्ये तो जपानात उतरला. त्या कॉलेजची आता एक कमान तेवढी उभी आहे, जुन्या गोव्यात. त्याच कॉलेजात आंजिरो नावाचा जपानी माणूसही होता. त्याचा बाप्तिस्मा 1548 मध्ये गोव्यात झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याला बरोबर घेऊन कागोशिमाला गेला. नोबुनागाच्या हातात ती बाटली देणारा माणूस आपल्या शेजारच्या गावात शिकून गेला होता, हे मी मावसभावाला तीनदा सांगितलं आहे.

आणि कोन्पेइतो म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा. दिसायला सारखा म्हणून नव्हे, कृतीच तीच आहे. जपानी लेखक इहारा साइकाकुच्या 1688 सालच्या कथासंग्रहात नागासाकीच्या कोन्पेइतोचं वर्णन आहे आणि त्यात आतला दाणा चक्क तिळाचा आहे. आज जपानी कारखान्यांत साखरेचा कण घेतात, तिरक्या ठेवलेल्या, खालून तापवलेल्या गोल फिरत्या कढईत तो लोळवत ठेवतात, वरून थोडाथोडा पाक सोडत राहतात आणि दोनेक आठवडे हे चालतं. आपण परातीत तेच हाताने करतो. गेल्या जानेवारीत मी नोबुनागाची कथा वाचता वाचता हा हलवा केला. तो प्रसंग नीट कळायला ते फार उपयोगी पडलं, म्हणून तुम्हालाही कृती देते.

दोन मोठे चमचे तीळ कोरडेच, रंग न बदलता, गरम करून गार करा. खसखस घेतलीत तर काटा जास्त नाजूक येतो. एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी उकळा, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढा आणि गाळून घ्या. पाक एकतारीच्या जरा आतला हवा. एकतारीच्या पुढे गेला की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, आणि एकदा झाले की ते सुटे होत नाहीत. जाड बुडाची परात अगदी मंद आचेवर ठेवा, इतकी मंद की हात टेकवता आला पाहिजे. दाण्यांवर अर्धा चहाचा चमचा पाक, त्याहून जास्त नाही. बोटांच्या टोकांनी गोल फिरवत राहा, पूर्ण कोरडे झाले की पुढचा अर्धा चमचा. आच वाढली तर साखर दाण्यावर न बसता तिची पिठी होते आणि परातीला लागते. तशी पिठी दिसली की दाणे चाळून घ्या, परात पुसून कोरडी करा आणि मगच पुढे जा, नाहीतर सगळा हलवा खरखरीत पण बिनकाट्याचा होतो. पहिल्या दिवशी काहीच घडत नाही असं वाटेल. दाणे नुसते पांढरे आणि गुळगुळीत होतात. काटा दिसायला लागतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा हात आणखी हलका करायचा, कारण जोराने चोळलं की आलेला काटा मोडतो. रोज तास-दीड तास, तीन ते चार दिवस. दमट हवेत हे होत नाही, पाक वाळतच नाही. म्हणून तर हा थंडीतला पदार्थ.

चार दिवसांनी वाटीभर हलवा समोर आला की त्या काचेच्या बाटलीची किंमत कळते. साखर तेव्हा जपानात बाहेरून यायची, फार महाग होती, आणि एकेका गोळीत असे दिवस गेलेले. राजाला मेणबत्तीबरोबर द्यावी अशीच ती भेट होती. कथालेखकांनी तो तपशील उचलला आणि त्यावर एका माणसाचा सबंध हळवा कोपरा उभा केला. याला मी इतिहासाचं वाचन म्हणते.

मात्र त्याच फ्रॉइसने त्याच बांधकामाबद्दल आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: तिथल्या एका माणसाने एका बाईचा चेहरा बघायला तिचं वस्त्र जरा उचललं आणि नोबुनागाने जागच्या जागी स्वतःच्या हाताने त्याचं मुंडकं उडवलं. गेमने बाटली घेतली, मुंडकं सोडलं. मावसभावाची तक्रार या निवडीबद्दल असती तर मी ऐकून घेतलं असतं.

खोटं काय काय आहे तेही सांगते. नायिका आजच्या काळातली, कपड्यांच्या क्षेत्रात नुकतीच नोकरीला लागलेली. क्योटोत जुन्या होन्नो-जी देवळाच्या जागेवरच्या दगडी खांबाजवळ असताना ती कालप्रवासात ओढली जाते आणि 1582 च्या आगीतून नोबुनागाला वाचवते. म्हणजे इथून पुढचा इतिहास मोडलेलाच आहे, हे गेम पहिल्याच पानावर कबूल करते. खऱ्या आयुष्यात नोबुनागा त्या सकाळी मेला आणि त्याच्यावर उलटलेला त्याचाच सरदार मित्सुहिदेही पंधरवड्याच्या आत यामाझाकीच्या लढाईनंतर संपला. ताकेदा शिंगेन 1573 मध्ये वारला होता, उएसुगी केन्शिन 1578 मध्ये. हे दोघेही प्रतिस्पर्धी सरदार गेममध्ये धडधाकट आहेत. सरदार दाते मासामुने 1567 चा, म्हणजे तेव्हा पंधरा वर्षांचा पोरगा. गेममधला बांधेसूद तरुण विसरा. तोकुगावा इएयासु, पुढे शोगुन झालेला, खरा तर चाळिशीला टेकलेला होता. पण मासामुनेचं स्वयंपाकाचं प्रेम खरं, इएयासु स्वतःची औषधं स्वतः तयार करायचा हेही खरं. आणि केन्न्यो हा भिक्षू नोबुनागावर इतका का जळतो, हे नोबुनागाने केन्न्योच्या इशियामा होंगान-जी मठाला 1570 ते 1580 घातलेला वेढा वाचल्याशिवाय कळणारच नाही.

म्हणून कोणाची कथा आधी घ्यायची याबद्दल माझं मत ठाम आहे: इशिदा मित्सुनारीची, म्हणजे हिदेयोशीच्या सरदाराची. सगळे जण नोबुनागा किंवा मासामुने घेतात. मित्सुनारी पुस्तकात बुडालेला, केस विस्कटलेले, खाण्यापिण्याचं भान नसलेला, आणि इएयासु त्याच्यावर सतत वैतागलेला. मित्सुनारीला ते कळतही नाही, तो हसून इएयासुचं कौतुकच करत राहतो. नुसतं वाचलं तर हा विनोद आहे. पण 1600 साली सेकिगाहाराच्या लढाईत याच इएयासुने याच मित्सुनारीचा पराभव केला, त्याला पकडून क्योटोत नदीकाठी रोकुजोला त्याचा शिरच्छेद झाला. असं सांगतात, की नेताना त्याला तहान लागली तेव्हा कोणी पर्सिमन दिला, तर तो म्हणाला, हे फळ प्रकृतीला बरं नाही. मरणाच्या वाटेवरसुद्धा पथ्य पाळणारा माणूस! हे मनात ठेवून गेममधला तो नोबुनागाच्या अझुची किल्ल्यातला प्रसंग वाचा, दोघे एका खोलीत बसलेत आणि इएयासु “तुझं तोंड बघवत नाही” अशा थाटात दुसरीकडे बघतोय. लेखकांना ते साल पाठ आहे, म्हणून तो प्रसंग तसा लिहिला आहे. हे मला कुणी लाडिकपणा म्हणून दाखवावं.

थोडं मागे घेते. आपल्याकडचा हलवा पोर्तुगीजांनी आणला असा माझा दावा अजिबात नाही. कृती एक आहे, एवढंच. आणि या गेम्सवरून कोणी परीक्षेची तयारी करू नये, तारखा वेगळ्या पुस्तकातून घ्याव्यात. कथेत मधूनमधून उत्तराचे पर्याय येतात; ते निवडताना तयार उत्तरांची यादी समोर ठेवायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पहिल्या वाचनात ठेवत नाही, दुसरा शेवट हवा असेल तेव्हा ठेवते.

एक काम मात्र आजच करा. गेमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्लेयर आयडी लिहून घ्या आणि डेटा ट्रान्सफरचा पासवर्ड लावा, कागदावर, फोनमध्ये नाही. फोन बिघडल्यावर हे करता येत नाही, कारण पासवर्ड जुन्या फोनवरूनच लावायचा असतो. माझी एक दुसरी गेम अशीच गेली, दीड वर्षाची. ग्राहक सेवेने शेवटच्या खरेदीची पावती मागितली आणि मी एक रुपयाही भरलेला नव्हता, त्यामुळे ते खातं माझंच आहे हे दाखवायला काही नव्हतं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल तर विकत घेतलेले हिरे आधी खर्चून टाका. बऱ्याच जपानी गेम्समध्ये ते पलीकडे जात नाहीत, कथा तेवढी जाते.