घरच्या काचेच्या टाकीतला वाम मासा दिवसभर वाळूत गडप असतो, पेलेटही (माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) खात नाही. आजारी आहे का?

एवढ्यावरून आजारी म्हणता येणार नाही, वाम निशाचरच. दिवसा वाळूत घुसून फक्त सोंडेसारखं नाक बाहेर ठेवतो. दिवे बंद केल्यावर जिवंत गांडुळं किंवा सोललेल्या कोळंबीचे तुकडे त्याच्या नाकाजवळ सोडा; पेलेटला तो सहसा विचारत नाही.

खरी भानगड तळाची असते. टोकदार खडीने अंग सोलवटतं, मग बुरशी धरते. गोल कणांची बारीक वाळू 5-6 सेंमी टाका. खवले अगदी बारीक, त्यामुळे तांब्याची औषधं त्याला झेपत नाहीत. झाकणाला फट राहिली तर रात्री बाहेर पडतोच. नागपूरच्या मे महिन्यात पाणी तापून प्राणवायू घटतो, एअर पंप बंद करू नका. धरताना पाठीवरचे सुटे काटे सांभाळा. आणि टाकी दोन फुटी असेल तर अवघड आहे. हा दोन फुटांच्याही वर वाढतो.